रत्नागिरीत शिकताना ‘कमवा आणि शिका’ योजनेतून काम कसे मिळवावे?

प्रश्न : खाडीपलीकडची

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातील एका गावची असून बारावी विज्ञान उत्तीर्ण झाल्यानंतर यंदा रत्नागिरीतील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आहे. गावाहून रोज ये-जा करणे शक्य नसल्यामुळे दोन मैत्रिणींसह शहरात खोली घेतली आहे. आमची भातशेती घरच्यापुरती आहे, काजूची थोडी कलमे आहेत आणि वडील गवंडीकाम करतात. परंतु पावसाळ्यात बांधकामे थांबली की ती मिळकतही थांबते, आणि नेमका त्याच महिन्यांत प्रवेशशुल्क, पुस्तके, प्रयोगवही, एप्रन आणि खोलीची अनामत असा सगळा खर्च एकत्र येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरणारच आहे, मात्र ती रक्कम खात्यात जमा होईपर्यंत खाणावळीचे पैसे थांबत नाहीत.

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ‘कमवा आणि शिका’ योजनेचा, म्हणजे शिकताना महाविद्यालयातच काही तास काम करून मानधन मिळवण्याच्या योजनेचा, एका ओळीचा उल्लेख आहे. कार्यालयात चौकशी केली असता ‘नंतर सूचना लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे या योजनेत काम केलेल्या किंवा ती जवळून पाहिलेल्या सदस्यांना विचारावेसे वाटते, की काम मिळवण्यासाठी नेमके कोणाला भेटावे, आणि प्रात्यक्षिकांमुळे आठवड्यातले तीन दिवस चार वाजेपर्यंत वर्गात जात असतील तर ते जमते का? या मानधनामुळे शिष्यवृत्तीला बाधा येते का? माझी एक मैत्रीण शहरातील दुकानात काम शोधत आहे आणि तिथे पैसे अधिक मिळतात असे तिचे म्हणणे आहे. पहिल्याच वर्षी तसे करणे योग्य ठरेल का?

आणखी एक गोष्ट लिहिते. माझा अभ्यास मागे पडेल अशी आईला काळजी आहे, आणि शिकायला पाठवलेली मुलगी तिथेच फडके मारणार असेल तर गावात काय सांगायचे, असे वडील म्हणतात. ते रागाने बोलत नाहीत, त्यांना वाईट वाटते. त्यांच्याशी कसे बोलावे हेही कोणी सुचवल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ : लांज्याचा माजी विद्यार्थी

तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण तो योग्य महिन्यात विचारला आहे. दिवाळीनंतर विचारणाऱ्याला बहुतेक वेळा जागा भरल्याचे ऐकावे लागते. मी पदवीच्या काळात आधी कार्यालयात आणि पुढे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत या योजनेतून काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम कोणाला भेटावे ते सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाच्या खिडकीवर बसलेल्या लिपिकाकडे ही माहिती बहुधा नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधील आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठात विद्यार्थी विकास विभाग आहे. महाविद्यालयात त्या विभागाचे काम पाहणारे एक प्राध्यापक नेमलेले असतात. त्यांचे नाव सूचनाफलकावर किंवा संकेतस्थळावर समित्यांच्या यादीत सापडते. ‘कमवा आणि शिका’ची निवड त्यांच्याकडून किंवा योजनेसाठी वेगळी समिती असल्यास तिच्याकडून होते. काही महाविद्यालये ही योजना विद्यापीठाच्या साहाय्याने चालवतात, तर काही स्वतःच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून चालवतात. त्यामुळे तासाचा दर, महिन्यातील कमाल तास आणि मुलांची संख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. दुसऱ्या महाविद्यालयातील मैत्रिणीने सांगितलेला दर आपल्याला लागू आहे असे धरू नका. आपल्या प्राध्यापकांना दर स्पष्टपणे विचारा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही.

सूचना लागण्याची वाट पाहत बसू नका, आधीच अर्ज लिहून द्या. अर्जात गरिबीचे वर्णन लांबवण्यापेक्षा कोणत्या वारी कोणत्या वेळेत मोकळी आहे ते स्वच्छ लिहा, कारण काम वाटणाऱ्याला तेच हवे असते. उदाहरणार्थ, ‘सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मला दुपारी चारपर्यंत प्रात्यक्षिके आहेत; मंगळवार आणि गुरुवारी दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत मी नियमित काम करू शकेन; मला मराठी टंकलेखन येते’ अशी दोन वाक्ये पुरेशी आहेत. सोबत वेळापत्रकाची प्रत, बारावीची गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारकार्ड आणि स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. खाते वडिलांच्या नावावर असेल तर आजच स्वतःच्या नावाचे उघडा आणि आधारशी जोडून घ्या, शिष्यवृत्तीसाठीही ते लागेल. वयाची अठरा वर्षे पूर्ण नसतील तर पालकांचे संमतिपत्र आधीच करून ठेवा.

कामाचे म्हणाल तर ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालयातील नोंदी, संगणक कक्ष आणि वनस्पतिशास्त्राची रोपवाटिका ही नेहमीची ठिकाणे. तुम्ही विज्ञानाच्या असल्यामुळे प्रयोगशाळेकडे ओढ वाटेल. तिथे काचसामान धुऊन वाळवणे, बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावणे आणि पुढच्या तुकडीच्या प्रयोगाची मांडणी करणे असे काम असते. संहत आम्ल हाताळण्यास किंवा द्रावणे तयार करण्यास कोणी एकटीला सांगितले तर नम्रपणे नकार द्या. ते प्रयोगशाळा साहाय्यकांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. तसेच परीक्षा विभागातील गुणांच्या नोंदी किंवा उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊ नयेत, आणि दिल्या तरी आपण घेऊ नयेत.

पैशाबाबत मी स्पष्ट लिहितो, कारण याच ठिकाणी मुले नाराज होऊन काम सोडतात. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येईलच असे नाही. माझ्या वेळी ते अनेकदा सत्राच्या शेवटी एकरकमी आले. म्हणून खोलीचे भाडे या रकमेवर अवलंबून ठेवू नका. पुढच्या सत्राची पुस्तके, परीक्षाशुल्क आणि प्रवास यांसाठी ती धरा. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज वेळ लिहून स्वाक्षरी घ्या आणि महिनाअखेरीस त्याचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवा. महिनाभराच्या स्वाक्षऱ्या एकदम घेऊ असे म्हणणाऱ्यांचे तास हमखास कमी भरतात.

शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची मर्यादा ८ लाख रुपये आहे आणि या मानधनाने ती ओलांडली जाण्याचा प्रश्न येत नाही. तरीही महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात रोजगाराविषयीचे रकाने भरताना शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांना समोर बसवून विचारा, अंदाजाने काही भरू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे नावही कोणी सुचवील, परंतु २०२४ साली सुरू झालेली ती योजना शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाही. नव्या शैक्षणिक धोरणातील कार्यप्रशिक्षण हाही वेगळा विषय आहे. त्यात श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, मानधन मिळेलच असे नाही.

उत्तर २ : एक ग्रंथपाल

वरील उत्तर उत्तम आहे. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात काम करते आणि या योजनेतून आलेल्या अनेक मुलामुलींबरोबर काम केले आहे. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरी लिहिते.

वडिलांच्या मनातील प्रश्नाला मी आधी उत्तर देते, कारण तो सुटला नाही तर बाकीची सगळी माहिती वाया जाईल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. पुढे १९४७ साली साताऱ्यातच निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुलांनी श्रम करून पदवीचे शिक्षण घेतले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचे वाक्य वडिलांनी कदाचित ऐकलेही असेल. आजच्या योजनेचे नाव आणि तिची कल्पना तिथूनच आलेली आहे. गवंडीकाम करणाऱ्या माणसाला श्रमाची लाज नसते. आपली लेक कोणाच्या तरी हुकुमाखाली कमीपणाने वागवली जाईल, ही त्यांची भीती असते. म्हणून शक्य असेल तर त्यांना एकदा महाविद्यालयात घेऊन ये, काम कुठे आहे आणि कोणाच्या हाताखाली आहे ते दाखव, आणि त्या प्राध्यापकांशी त्यांचे बोलणे करून दे. मी हे अनेक पालकांच्या बाबतीत पाहिले आहे. जागा आणि माणसे पाहिल्यावर त्यांचा विरोध बहुधा मावळतो.

आता फडके मारण्याविषयी. ग्रंथालयात फडके मारावे लागते हे खरे आहे, आणि ते कसे मारावे हे शिकावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर हवेत इतकी ओल असते की रेक्झिनच्या बांधणीवर आणि पानांच्या कडांवर बुरशी धरते, कसर लागते, भिंतीलगतच्या कपाटांत वाळवी शिरते. ओल्या फडक्याने बुरशी पुसली तर ती पसरते. पुस्तक आधी पंख्याखाली उघडे ठेवून वाळवायचे, मग मऊ कोरड्या फडक्याने बाहेरच्या बाजूला झटकायचे, उन्हात मात्र ठेवायचे नाही, कारण कागद ठिसूळ होतो आणि बांधणी उकलते. पुस्तके फळीवर घट्ट कोंबायची नाहीत आणि कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढायचे. तोंडाला रुमाल किंवा मास्क लावायचा. दमा असेल तर हे काम मागू नकोस, मला तसे सांगितलेस तर मी दुसरे देईन, आणि कोणताही समजूतदार ग्रंथपाल तेच करील. चिपळूणच्या २००५ आणि २०२१ सालच्या पुरांत लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे झालेले नुकसान ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना भिजलेले पुस्तक हाताळता येणारा माणूस किती मोलाचा असतो हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बाकीचे काम वर्गांकानुसार, म्हणजे विषयाच्या क्रमांकानुसार, पुस्तके जागेवर लावण्याचे, दाखल क्रमांक तपासण्याचे, देवघेव विभागात नोंदी करण्याचे आणि सोल किंवा कोहा यांसारख्या संगणकप्रणालीत माहिती भरण्याचे असते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत ५४० म्हणजे रसायनशास्त्र, ५७० म्हणजे जीवशास्त्र, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पहिल्या पंधरवड्यात एवढे अंगवळणी पडले की तुला स्वतःच्या विषयाची संदर्भपुस्तके शोधायला कोणाची मदत लागत नाही. माझ्याकडे काम केलेल्या मुली परीक्षेच्या आधी नेमके कोणते पुस्तक कधी घरी न्यावे हे इतरांपेक्षा आधी ओळखतात, आणि आईच्या काळजीवर हे एक उत्तर आहे. दुसरे असे, की विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती लागते. तासाच्या वेळेत काम देणाऱ्याला तेवढे कारण सांगून नाही म्हणता येते.

तीन दिवस चारपर्यंत प्रात्यक्षिके असताना त्या दिवशी काम घेऊ नकोस. प्रथम वर्षात आठवड्याला दोन दिवस पुरेत. दुसऱ्या सत्रात अंदाज आला की वाढव.

उत्तर ३ : गुहागरचा किनारा

नमस्कार. आमचे गुहागरला घरगुती निवासाचे आणि जेवणाचे छोटे काम आहे. हंगामात आमच्याकडे महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली कामाला येतात, त्यामुळे बाहेरच्या कामाविषयी मालकाच्या बाजूने लिहितो.

दुकानात किंवा हॉटेलात पैसे अधिक मिळतात हे बरोबर आहे, पण तिथे तासही अधिक लागतात आणि ते मालकाच्या सोयीने ठरतात. आमची गर्दी शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात असते. गणपतीत तर गावोगावचे चाकरमानी येतात आणि आम्हालाच माणसे मिळत नाहीत. दूरच्या गावातून शहरात राहून शिकणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलीने सत्र चालू असताना असे काम धरू नये, असे माझे मत आहे. शनिवारी संध्याकाळी उशीर झाला की वस्तीची गाडी चुकते आणि मग घरी जाणेही राहते.

सुट्टीतली गोष्ट वेगळी. परीक्षा संपल्यावर आंब्याच्या बागांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये भरपूर काम असते. फळांची वजनाप्रमाणे प्रतवारी करणे, अढी लावणे (पिकवण्यासाठी फळे गवतात रचणे), पेट्या भरणे, बिले आणि कुरिअरच्या चिठ्ठ्या तयार करणे, हे सगळे मे अखेरपर्यंत चालते. लिहिता-वाचता येणारी, मोबाईलवरून ग्राहकांशी नीट बोलणारी मुलगी बागायतदाराला हवीच असते. काजूच्या कारखान्यांत गर सोलण्याचे काम बहुधा किलोवर असते. नवशिक्या हाताला त्यात सुरुवातीला कमी सुटते, हे आधीच समजून जावे. मासेमारीशी जोडलेली कामे १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मिळत नाहीत, आणि पर्यटनही पावसात मंदावते. म्हणजे तुमची नड ज्या महिन्यांत आहे, त्याच महिन्यांत किनाऱ्यावर बाहेरचे काम सर्वांत कमी असते. मे महिन्यात मिळवलेले पैसे जूनच्या प्रवेशासाठी राखून ठेवावेत, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग आहे.

कुठेही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारा: रोज किती, किती वाजता सुटका, जेवण कोणाचे आणि उशीर झाल्यास घरी पोहोचवणार कोण. जो मालक या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे थांबू नका. आमच्याकडे येणाऱ्या मुलींना आम्ही स्वतः घरी पोहोचवतो आणि त्यांच्या आईवडिलांचा नंबर आमच्याकडे असतो. तसे न करणारी ठिकाणेही आहेत, म्हणून लिहिले.

उत्तर ४ : वाशिष्ठीकाठ

वरील तिन्ही उत्तरांशी सहमत आहे. एकच भर घालतो, ती अत्यंत गरजेची आहे. मोबाईलवर ‘घरबसल्या डेटा एंट्री’, ‘व्हिडिओला पसंती द्या आणि पैसे मिळवा’ असे संदेश प्रवेशाच्या दिवसांत मुलांना भरपूर येतात. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा माणूस काम देत नसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे काही लोक विद्यार्थ्यांचे बँक खाते किंवा एटीएम कार्ड थोड्या पैशांच्या बदल्यात वापरायला मागतात. फसवणुकीची रक्कम त्या खात्यातून फिरते आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. नवे खाते उघडणार आहात म्हणून आवर्जून सांगतो, ते कोणालाही वापरायला देऊ नका. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

लांज्याच्या मित्रांच्या एका मुद्द्याबाबत माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या महाविद्यालयात मानधन दर महिन्याला जमा होत असे, कारण संबंधित प्राध्यापक महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळी हजेरीपत्रके स्वतः लेखा विभागात नेऊन देत. म्हणजे पैसे उशिरा येणे अटळ नाही. मुलांनीही हजेरीपत्रक वेळेवर दिले आणि लेखा विभागात शांतपणे विचारणा चालू ठेवली, तर फरक पडतो.

खाडीपलीकडची

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. विद्यार्थी विकासाचे काम पाहणाऱ्या मॅडमचे नाव मला फलकावर सापडले, त्यांना भेटून अर्ज दिला. त्यांनी मंगळवार आणि गुरुवारी ग्रंथालय सुचवले आहे. यादी लागायची आहे. गुहागरच्या काकांचे उत्तर मी फोनवर आईला वाचून दाखवले. मे महिन्यात गावाजवळच्या बागेत काम बघू, असे ती म्हणाली. बाबा पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला सिमेंटचे दर बघायला येणार आहेत, तेव्हा ते महाविद्यालयात येतील.

ग्रंथपालताई, यादीत नाव आलेच नाही तर काय करावे? आणि पहिल्या दिवशी काही बरोबर न्यावे लागते का?

एक ग्रंथपाल

नाव आले नाही तर मॅडमना विचारून प्रतीक्षायादीत नाव लिहून घे. गणपतीच्या सुट्टीनंतर काही मुले काम सोडतात, तेव्हा जागा निघतात. त्या आठवड्यात पुन्हा एकदा जाऊन भेट. दरम्यान तुझ्या विभागात एखाद्या प्रकल्पाचे किंवा रोपवाटिकेचे काम निघते का, ते विभागप्रमुखांना विचार.

पहिल्या दिवशी ओळखपत्र, एक वही, पेन आणि स्वच्छ सुती रुमाल आण. छत्री दाराबाहेर ठेव, ओली पिशवी पुस्तकांच्या टेबलावर ठेवू नकोस. हजेरीपत्रक कोणाकडे असते आणि ते कोणत्या तारखेला लेखा विभागात जाते, एवढे त्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. बाबा येतील तेव्हा साडेबारानंतर यायला सांग. त्याआधी देवघेवीला रांग असते आणि ग्रंथपालांना बोलायला सवड नसते.